पाटावरचा नास्तिक

आमच्या गल्लीत मांजर आडवं गेलं की रहदारी थांबते आणि प्रल्हादभाऊंची वाट पाहिली जाते.

थट्टा नाही करत. नांदुऱ्यातला आमचा रस्ता आधीच चिंचोळा, त्यात पिठाच्या गिरणीपाशी मांजरांचं मोठं कुटुंब नांदतं. सकाळी साडेनवाला शाळेचे मास्तर, बँकेतल्या मॅडम आणि पंचायत समितीत बाबू असलेला मी, असे सगळे एकदमच निघतो. मांजर पळालं की सगळ्यांचे ब्रेक दाबले जातात. आपण मांजरासाठी थांबलो असं कोणी दाखवत नाही. कोणी चष्मा पुसतो, कोणी मोबाईल काढतो. मग कोणीतरी हाक मारतं, "प्रल्हादभाऊ, या ना जरा!" बनियन-लुंगीवर प्रल्हादभाऊ बाहेर येतात, रस्ता ओलांडतात, परत ओलांडतात आणि म्हणतात, "जा आता. सगळा अपशकुन माह्या नावावर." आणि बँकेतल्या मॅडम खरोखर "थँक्यू भाऊ" म्हणून पुढे जातात.

नाव प्रल्हाद आणि देवावर काडीचा विश्वास नाही. ते हे लपवत नाहीत. नव्या माणसाशी ओळख झाली की नाव, गाव आणि "मी देव मानत नाही" एवढं एका दमात सांगून टाकतात. समोरचा गडबडतो. भाऊ त्याला धीर देतात, "तुम्ही माना. मले काही तरास नाही."

असा माणूस गावाला नकोसा होत असेल असं वाटतं ना? उलट आहे. आमच्या गल्लीला त्यांच्यावाचून चालत नाही. अमावस्येला कोणाची नवी गाडी शोरूममधून आणायची असली की चालवायला प्रल्हादभाऊ. पिंपळाची फांदी तारांवर आली की कुऱ्हाड घेऊन प्रल्हादभाऊ. चौकात कोणी ओवाळून टाकलेला नारळ दिसला की आम्ही सगळे त्याला वळसा घालून जातो. प्रल्हादभाऊ तो उचलतात, कानाशी हलवून आत पाणी किती आहे ते पाहतात आणि घरी नेतात. त्यांनी कित्येक वर्षांत नारळ विकत घेतलेला नाही. एकदा त्यांच्याकडे मी मिटक्या मारत इडली-चटणी खाल्ली आणि नंतर चटणीचा उगम कळला. पुढचे तीन दिवस मी दर तासाला स्वतःची नाडी पाहत होतो. काही झालं नाही, ही गोष्ट भाऊंनी चारचौघांत माझ्या नावानिशी सांगितली.

नोकरी त्यांनी जनावरांच्या दवाखान्यात केली. गाई-म्हशींच्या अडल्या-नडल्याला मध्यरात्रीही जाणारा माणूस म्हणून खेड्यापाड्यात त्यांना फार मान. एकदा चहाच्या टपरीवर कोणीतरी गाईच्या पोटातल्या तेहतीस कोटी देवांचा विषय काढला. भाऊंनी बाही वर सारली. "हा हात कोपरालोक घातला म्या, हजारभर गाईयच्या पोटात. वासरू लागलं, पन्नी लागली, एकडाव कोणाची त चप्पल लागली. देव त एकही हाताले लागला नाही." टपरीवाल्याने घाईघाईने देवाच्या फोटोकडे पाहून कान पकडले. ऐकून हसलो होतो म्हणून मीही पकडले.

त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम दोन वस्तू असतात, सुपारी आणि अडकित्ता. जेवण झालं की खांडं पाडायचं, अर्धं स्वतः तोंडात टाकायचं आणि अर्धं शेजारच्याच्या हातावर ठेवायचं. शेजारचा म्हणजे बहुधा मी. आता मला जेवण झालं की आपोआप हात पुढे करायची सवय लागली आहे. त्याच सवयीने माझा एकदा घात केला.

माझ्या घराची वास्तुशांत होती. पूजा आटोपली, भटजी जेवायला बसले. प्रल्हादभाऊ चौरंगापाशी गेले, तांदळाच्या राशीवरची गणपतीची सुपारी उचलली, पुसली आणि कट्टदिशी कातरली. मी हात पुढे केला. अर्धी सुपारी माझ्या तोंडात गेल्यावर भटजींचा घास हातातच राहिला.

"अहो, ते गणपती होते!"

"होते ना," भाऊ म्हणाले. "अर्ध्या घंट्याआधी तुम्हीच त अक्षता टाकून त्यायची बोळवण केली. म्या कानानं आयकलं. ते गेले आपल्या गावाले. मांगं राह्यली ते सुपारी."

भटजी विचारात पडले. शास्त्राने पाहिलं तर माणूस चूक नव्हता. आमची मंडळी मात्र शास्त्र पाहणारी नव्हे, ती माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. गणपती चावून खाल्लेला नवरा तिला कोणत्या तोंडाने चालणार?

आता गंमत अशी की या माणसाची बायको, सुमनवहिनी, पक्की भाविक. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, सगळं कडक. दोघांचं कसं जमत असेल असा गावाला प्रश्न होता. पण त्या घरात देवावरून भांडण झालेलं मी कधी ऐकलं नाही. वहिनींचा उपास असला की भगर आणि दाण्याची आमटी भाऊ करायचे. "उपास तिचा, पण तोंड सुकलेलं मले दिसते," एवढंच त्यांचं त्यावरचं भाष्य. दर शनिवारी वहिनींना ते मारुतीच्या देवळात घेऊन जायचे आणि स्वतः बाहेर पायरीवर बसायचे. लोक आपल्या चपला त्यांच्यापुढे काढून निर्धास्त आत जायचे. भाऊ हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचे, "देवापाशी जाऊन राह्यले, पण चपलेचा भरोसा नास्तिकावर!"

त्यांचा खरा सामना होता तो सासूशी.

वहिनींचं माहेर वरवट बकाल. वडील लवकर गेले, आई आणि ही एकुलती एक लेक. भाऊ सासूला मामी म्हणतात. मामी म्हणजे पंचाऐंशी वर्षांची, काडीसारखी, डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी बाई. आणि आपल्याकडे दर तीन वर्षांनी अधिकाचा महिना येतो, म्हणजेच धोंड्याचा महिना. त्यात लेक-जावयाला घरी बोलावतात, लक्ष्मी-नारायण समजून पाटावर बसवतात, ओवाळतात, पुरण भरलेले धोंडे खाऊ घालतात आणि तेहतीस अनारशांचं वाण देतात. म्हणजे पाहा, जगातल्या कोणत्याच देवाला न मानणारा माणूस आणि त्यालाच दर तीन वर्षांनी देव करून पाटावर बसवायचं.

लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याला भाऊंनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "मामी, मी जेवतो पोटभर. पण मी देव मानत नाही, त हे नारायण-गिरायण मले सांगू नका."

मामींनी निरांजनाची वात पुढे सारत म्हटलं, "तुम्ही कायले मानता? देव कुठी सोताले मानते?"

भाऊ गुपचूप पाटावर बसले. हे मला वहिनींनी सांगितलं, भाऊंनी कधीच नाही. त्यानंतर दोघांत एक तह झाला. टिळा चालेल, कारण तो पुसता येतो. हात जोडणार नाही, कारण देव कोणाला हात जोडत नाही. मामी पाया पडायला वाकल्या की पाय मागे घेणार. आणि ओवाळताना मध्येच "मामी, चटका लागून राह्यला" म्हणायचा हक्क जावयाकडे. तेव्हा शेजारच्या पाटावर बसलेली लक्ष्मी पदर तोंडात धरून हसायची.

शिवाय अनारशांचा तंटा. ताट तयार होईपर्यंत भाऊंना धीर निघत नसे. एकदा त्यांनी वाणातला एक अनारसा आधीच खाल्ला. "बत्तीस असले काय, तेहतीस असले काय, देव मोजाले बसते का?" पुढच्या वेळेपासून मामी चौतीस करायला लागल्या.

दीड वर्षापूर्वी वहिनी गेल्या. चार दिवसांचा ताप आणि खेळ आटोपला.

भाऊंनी दहावं केलं नाही, तेरवी केली नाही. वहिनींनी स्वतः कधी मागितली असती तर केली असती, असं म्हणाले. वरवट बकालहून आलेला मामींचा पुतण्या अंगणातच ओरडला, "माह्या बहिनीले असं बेवारस्यावानी सोडता? आजपासून तुमचा आमचा संबंध तुटला!" तेव्हा मामींनीच, ओट्यावर बसल्या बसल्या, सांगितलं, "त्यायच्या मनानं होऊ द्या. त्यायनं तिले कधी अडवलं नाही, तुम्ही त्यायले अडवू नका." त्यानंतर त्या पुतण्याच्या गाडीत बसून गेल्या, त्या गेल्याच. ना फोन, ना निरोप.

महिनाभराने भाऊ आमच्याकडे आले. हातात वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली पुडकी. वहिनींचे देव होते. आमच्या मंडळींच्या स्वाधीन करत म्हणाले, "हे तुमच्याइथी राहू द्या, वैनी. सुमी रोज सकाळी यायच्याशी बोले. माह्याकडे यायले कोणी बोलणारं नाही." आमची मंडळी, जिने गणपतीच्या सुपारीवरून अबोला धरला होता, पदराने डोळे पुसत आत गेली. आता आमच्या देव्हाऱ्यात दोन-दोन बाळकृष्ण आहेत. वहिनींच्याला ती आधी आंघोळ घालते.

या उन्हाळ्यात अधिक महिना आला. आणि प्रल्हादभाऊ रोज सकाळी आमच्याकडे कॅलेंडर पाहायला यायला लागले.

"तारीख पाहाले आलो," म्हणायचे. खिशात मोबाईल, त्यात तारीख. पण हा माणूस भिंतीपाशी उभा राहून बारीक अक्षरातल्या तिथ्या वाचायचा. "काऊन बे, हा धोंड्याचा महिना कधी संपते?" मी सांगायचो. "संपला पायजे. तळणाच्या वासानं डोकं दुखून राह्यलं." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पंधरा दिवस राहिले, मग दहा. गल्लीतल्या जावयांना आमंत्रणं येत होती, नवे कपडे दिसत होते. भाऊंचा फोन वाजला की ते बोलणं अर्धवट टाकून घाईने खिशात हात घालायचे. फोन बँकेच्या कर्जाचा असायचा.

चार दिवस उरले तेव्हा मी म्हणालो, "भाऊ, जाऊन या ना."

"येडा झाला का? बिनबोलावता जवाई धोंडे खायले जाते का कुठी?" असं म्हणून कॅलेंडरकडे पाहिलं. "तुही गाडी मोकळी आहे का उद्या?"

मी हो म्हणालो, पण मनात धास्ती होतीच. पुतण्या भांडखोर. मामींनी दारातून परत पाठवलं तर या माणसाचं काय होईल, मला कळेना. गेलेल्या बायकोची सगळी नाती तुटली होती, एवढं एक उरलं होतं, आणि तेही उरलं आहे की नाही हे पाहायला आम्ही निघालो होतो.

ऊन मी म्हणत होतं. पूर्णेचा पूल ओलांडला आणि लगेच मांजर आडवं गेलं. मी गाडी थांबवली.

"चाल बे. मी मांगं बसेल आहो, मंग मी पयले कसा जाऊ?" भाऊ कातावले. तरी उतरले, त्या फुफाट्यात रस्ता ओलांडून पलीकडे उभे राहिले आणि मला हाताने बोलावलं. एरवी ते मला यावरून गावभर हसले असते. त्या दिवशी विसरले.

पुतण्या शेतात गेलेला होता. मामी ओट्यावर गहू निवडत होत्या. जावयाला पाहताच पदर पुढे ओढला आणि उठायची धडपड केली.

"जवाईबापू! इकडे कसे?"

"इकडून चाललो होतो," भाऊ म्हणाले. नांदुऱ्याहून कुठेही जाताना वरवट बकाल वाटेत लागत नाही. मामींनाही ते माहीत होतं.

पाणी झालं. पावसाचं, कापसाच्या पेऱ्याचं बोलणं झालं. शेवटी भाऊ भिंतीकडे पाहत म्हणाले, "महिना संपून राह्यला, मामी."

मामींच्या हातातलं सूप थांबलं. "ते लेकीचं वाण असते, बापू. लेक नाही, त कायची लक्ष्मी अन् कायचे नारायण. कोणाले बोलावू मी? कोणत्या हक्कानं?"

"तीस वर्षं तुम्ही मले काय सांगतलं? म्या मानलं नाही तरी देव राह्यतेच. मंग आता तुम्हीच काऊन मांगं सरता?"

मामी सूप बाजूला ठेवून आत गेल्या. मला वाटलं, संपलं, आता उठावं. आतून डबा उघडल्याचा आवाज आला आणि मामी पितळी डबा घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या. आत अनारशांचं पीठ होतं. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, अनारशांचं पीठ एका दिवसात होत नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, वाळवायचे, कुटायचे, गुळात मळून ठेवायचे. म्हणजे पंचाऐंशी वर्षांच्या त्या बाईने, कोणाला न बोलावता, हे सगळं करून ठेवलेलं होतं.

"सवय हाताले," मामी म्हणाल्या. "तांदूळ भिजवून बसली, मंग आठोलं."

पुढचा तासभर घरात तळण. मी खसखस लावत होतो, भाऊ चूल सांभाळत होते. पुरणाचे चार धोंडेही झाले. अनारसे मीच मोजले. चौतीस. मामींनी एक उचलून बशीत ठेवला, बशी जावयापुढे सरकवली आणि तेहतीसांचं ताट आत नेलं. भाऊंनी तो अनारसा खाल्ला.

पाट मांडायची वेळ आली. मामींनी सवयीने दोन मांडले, आणि दुसऱ्या पाटाकडे पाहून तिथेच उभ्या राहिल्या. तो उचलावा की ठेवावा त्यांना कळेना. मलाही तिकडे पाहवेना. तेवढ्यात प्रल्हादभाऊंनी खिशात हात घातला, सुपारी काढली आणि त्या पाटाच्या बरोबर मध्ये ठेवली.

"ठेवा दिवा," ते म्हणाले. "हे बसली आहे."

बायको हजर नसली की सुपारी ठेवतात, ही रीत त्यांना ठाऊक असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी विनोदाची वाट पाहिली. विनोद आला नाही. मामींनी आधी सुपारीला कुंकू लावलं, मग जावयाला टिळा लावला. ओवाळताना दिवा भाऊंच्या गालाच्या अगदी जवळून जात होता, चटका नक्की बसला असणार. ते हू की चू बोलले नाहीत. मामी पाया पडायला वाकल्या तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले नाहीत. हात मात्र जोडले नाहीत. तह तो तह.

निघताना मामींनी वाणाचं ताट रुमालात बांधून दिलं. गाठ मारता मारता म्हणाल्या, "आता पुढचा धोंडा तीन वर्षांनी. तवरोक मी कायची राह्यते, बापू."

"मले देव म्हणता ना?"

"हाव."

"मंग देव सांगून राह्यला. राहसान. तांदूळ भिजवून ठेवजा."

मामी हसल्या. बोळक्या तोंडाने, डोळे मिटून, अगदी वहिनींसारख्या. "पण तुम्ही त देवाले मानत नाही."

"मी नाही मानत. तुम्ही मानता ना? म्हून तुमच्यासाठी सांगतलं."

परत येताना जळगाव जामोदच्या टपरीवर थांबलो. पोट तुडुंब भरलेलं, तोंड गोडमिट्ट झालेलं. भाऊ बाकावर बसले होते, कपाळावर टिळा तसाच. पुसायचा राहिला असेल म्हणून मी आठवण केली नाही. सवयीने हात मात्र पुढे केला.

प्रल्हादभाऊंचा हात खिशाकडे गेला. आत सुपारी होती, कुंकू लागलेली, मी त्यांना ती पाटावरून उचलताना पाहिलं होतं. त्यांनी खिसा बाहेरूनच चाचपला आणि त्याचं बटण लावलं.

"हे नाही बे," ते म्हणाले. "आज बडीशेप खा."